साडेपाच मिळवा

हवालदारांनी मला पहिल्या दिवशी नाव विचारलं नाही, जन्मतारीख विचारली.

आटपाडीच्या बाहेर, माळाला लागून आमचं दूध शीतकरण केंद्र होतं. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचं दूध सकाळ-संध्याकाळ इथं यायचं, मोठ्या टाकीत थंड व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी टँकरनं पुढं जायचं. मी नेमणुकीचं पत्र घेऊन दारात उभी होते आणि समोर खुर्चीत हा फौजेतून निवृत्त झालेला माणूस ताठ बसलेला. मिशा पांढऱ्या, उन्हाळ्यातसुद्धा शर्टाचं वरचं बटण लावलेलं, खिशात दोन पेन्सिली. मी तारीख सांगितली तसे त्यांनी डोळे बारीक केले.

"ही कुणी लिहिली?"

"म्हणजे?"

"आवं, तारीख आपोआप लिहिली जाती व्हय? कुणीतरी लिहितंय तवा ती हुती. तुमच्या आईनं सांगितली का मास्तरानं ठोकली?"

दवाखान्याच्या दाखल्यावर आहे म्हटल्यावर ते जरा सैल झाले. "मग चालंल. वडलांची?"

"एक जून."

"आलं का," म्हणाले. "माझीबी एक जून. माझ्या भावाची एक जून, चुलत्याची एक जून. गावातल्या समद्या बाया एकाच दिवशी बाळंत झाल्या, आन् सुईण बिचारी एकटी."

आमच्या भागात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पोराला शाळेत घालायला नेलं की हेडमास्तर तारीख विचारायचे, बाप म्हणायचा, दुष्काळ पडला त्याच्या आदल्या सुगीत झालं. मास्तर एक जून लिहून मोकळे. त्यावर लोक हसतात आणि सोडून देतात. हवालदारांनी ते सोडलं नव्हतं. जन्मभर त्या तारखेनं नोकरी केली, त्या तारखेनं निवृत्त झाले, आणि ती आपली नाहीच, हे त्यांना आत कुठंतरी सलत असावं. तेव्हापासून कुठलीही तारीख दिसली की ती कुणी लिहिली, कशावरून लिहिली, हे विचारल्याशिवाय त्यांना घास उतरायचा नाही.

ते फौजेत सिग्नलला होते. बिनतारी संदेश, त्यावरची वेळ, हेच आयुष्यभर केलेलं. गावातले लोक मान म्हणून त्यांना सुभेदार म्हणायचे. दुसरा कुणी खुश झाला असता. हे लगेच अडवायचे, "सुभेदार न्हाई. हवालदार. नसलेलं नाव लावू नका." माणसाला मोठेपणा दिलेलासुद्धा चालत नाही म्हणजे काय म्हणायचं? मला तर आधी वाटलं, यात काहीतरी काळंबेरं आहे. इतकं सरळ कुणी नसतं. हे मी माझ्या स्वभावाप्रमाणं सांगते. मी तासगावची, बाजारातल्या दुकानदाराची मुलगी, आणि आमच्या घरात गोडबोल्याचा संशय आणि कडूबोल्याचा दुप्पट संशय घ्यायला लहानपणीच शिकवतात.

केंद्रात आम्ही मोजून चार माणसं. सकाळी सहा ते दोन मी, दोन ते दहा हवालदार, रात्री एक पहारेकरी आणि सगळ्यांच्या वर केंद्रप्रमुख. पहारेकऱ्याला यंत्राचं पॅनेल आणि गावचा देव सारखाच, लांबून हात जोडायचे आणि जवळ जायचं नाही. बाई म्हणून त्या यंत्रांवर नेमलेली मी पहिलीच. वर्षभर उमेदवारी, ती नीट पार पडली तर कायम. वडिलांनी घरातून निघताना सांगितलं होतं, "बघ जमतंय का. न्हाई जमलं तर मुकाट्यानं घरी ये, पण नाव घालवून येऊ नकोस." हे वाक्य माझ्या उशाशी रोज निजायला यायचं.

हवालदारांचं खरं वेड मला महिनाभरानं कळलं. त्यांच्याकडं एक छोटी वही होती, खिशात मावणारी. तीत ते दिवसभर आकडे लिहायचे. दहा-दहा आकडी लांबच लांब आकडे, एकाखाली एक. टँकर आला की आकडा, वीज गेली की आकडा, मी पाळी सोपवायला दोन मिनिटं उशीर केला की माझ्याकडं बघून आकडा. पहारेकरी मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, म्हातारा मटका खेळतोय बगा." मला मटक्याचा नाही, दुसराच संशय आला. सांगलीच्या मुख्य कचेरीनं या माणसाला आमच्यावर नजर ठेवायला बसवलंय आणि ही सांकेतिक भाषा आहे, हे मी मनाशी पक्कं केलं. त्यांच्यासमोर मी चहासुद्धा जपून प्यायचे.

एके दिवशी दुपारी वीज गेली आणि जनित्र चालू व्हायला वेळ लागला. परत आली तेव्हा पॅनेलच्या पडद्यावर तारीख उमटली, एक जानेवारी एकोणीसशे सत्तर, सकाळचे साडेपाच. मी घाबरून ओरडले. हवालदार मात्र लांबचा सोयरा भेटावा तसे पुढं झाले.

"या या," पडद्याला म्हणाले, "आला का हेडमास्तर!"

मग त्यांनी मला समजावलं, आणि खरं सांगते, कॉलेजात कुणी इतकं नीट समजावलं नव्हतं. यंत्राला तारीख, वार, महिना काही कळत नाही. ते फक्त सेकंद मोजतं. मोजणी सुरू झाली सत्तर सालच्या एक जानेवारीला, मध्यरात्री बाराला. त्यानंतर आजपर्यंत किती सेकंद गेले, तेवढाच आकडा यंत्राच्या पोटात असतो. तारीख आपल्यासाठी वर लावलेलं लेबल. वीज गेली, यंत्र सगळं विसरलं, की आकडा शून्य होतो. आणि शून्याची तारीख ती.

"म्हंजे त्याला ठावं नसलं की ते एक जानेवारी लिहितंय," ते म्हणाले. "मास्तर एक जून लिहायचा, हे एक जानेवारी. म्या म्हणतो, मला ठावं न्हाई असं लिही की! पर तेवढी हिंमत कुणात न्हाई. ना मास्तरात, ना यंत्रात."

"पण मध्यरात्री बारा म्हणालात, आणि इथं तर साडेपाच दिसतायत."

त्यांचा चेहरा उजळला. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा.

"ते बारा ग्रीनिचचे. आपण त्यांच्यापेक्षा साडेपाच तास पुढं. तिकडं मध्यरात्र तवा आपल्याकडं धारा काढायची वेळ. यंत्राच्या पोटात ग्रीनिच असतंय म्याडम, कायम. आपली वेळ पायजे तर साडेपाच मिळवा. हे इसरलं की समदं इसरलं."

साडेपाच मिळवा. त्यांचं हे पालुपद मी पुढं इतक्यांदा ऐकलं की माझे कान किटले. मोबाईलवर कुणाचा तक्ता आला, टँकरवाल्यानं यंत्रातली चिठ्ठी दाखवली, हे आधी विचारणार, "साडेपाच मिळवले का?" वहीतले आकडे म्हणजे तेच सेकंद. रोज सकाळी ते ग्रीनिचच्या मध्यरात्रीचा आकडा पानाच्या डोक्यावर लिहून ठेवायचे. मग दिवसातला कुठलाही लांब आकडा घ्यायचा, त्यातून तो वजा करायचा, उरलेल्याला छत्तीसशेनं भागायचं की तास, उरलेल्याला साठनं भागायचं की मिनिटं, आणि वर साडेपाच मिळवायचे. सगळं पेन्सिलीनं. जास्तीत जास्त दोन मिनिटं लागायची. मोबाईलवर हे चुटकीसरशी होतं, असं मी एकदा म्हटलं. ते म्हणाले, "हुतंय की. पर ते कुणाचे साडेपाच धरतंय ते त्यानं तुमाला सांगितलं का?"

एका लग्नातली गोष्ट सांगते. केंद्रप्रमुखांच्या पुतणीचं लग्न, आम्ही सगळे गेलो होतो. पत्रिकेवर गोरज मुहूर्त सहा छत्तीस. नवरदेवाची वरात नाचत नाचत आली, अक्षता पडल्या सात बावीसला. जेवणाच्या पंगतीत हवालदारांनी नवरीच्या बापाला गाठलं. "पाव्हणं, लगीन कवा लागलं म्हणून लिवायचं? छापल्यालं का झाल्यालं?" त्या बापाच्या डोक्याला आधीच ताप. तो म्हणाला, "सुभेदार, लाडू घ्या." हे म्हणाले, "हवालदार." आणि लाडू घेतला. मी पलीकडच्या ओळीत तोंडाला पदर लावून बसले होते. लोक त्यांना हसायचे, आणि त्यांना ते दिसायचं. तरी थांबायचे नाहीत. मला तेव्हा वाटायचं, याला लोकांच्या हसण्याची पर्वाच नाही. किती चुकीचं वाचलं मी त्या माणसाला!

आता ती सकाळ.

माझं वर्ष पुरं व्हायला महिनाही उरला नव्हता. मे महिना, आटपाडीचं ऊन, सहा वाजताच जमीन तापायला लागलेली. मी कामावर आले, रिवाजाप्रमाणं टाकीचं झाकण उचललं आणि वास आला. नासलेल्या दुधाचा वास आधी आंबट येतो, मग तो नाकातून जात नाही. पॅनेलच्या पडद्यावर चार पूर्णांक एक अंश दिसत होतं, म्हणजे थंडगार. मी टाकीला हात लावला. टाकी कोमट होती. बटण बघितलं तर ते स्वयंचलितावरून बंदवर आलेलं, आणि थंड करणारं यंत्र कधीचं गप्प. बटणाबरोबर पडद्यावरचा आकडाही अडकून बसला होता, मेलेल्या घड्याळासारखा.

सगळी टाकी मागच्या माळावर सोडून द्यावी लागली. सकाळचं दूध घालायला आलेल्या बायका किटल्या हातात धरून बघत होत्या. एक म्हातारी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाई, माज्या म्हशीनं काल लाथा मारल्या तरी काडलं हुतं गं." मला तिच्याकडं बघवेना.

सांगलीहून अभियंता अकराच्या सुमाराला आला. साहेब तरुण, इस्त्रीचा शर्ट, लॅपटॉप. सगळ्यांना बोलावून घेतलं होतं. त्यानं पॅनेलला तार जोडली, आतली नोंद बाहेर काढली. यंत्र बंद झाल्याची नोंद तिथं होती, समोर दहा आकडी आकडा. त्यानं तो लॅपटॉपवर कुठंतरी टाकला आणि वर बघून म्हणाला, "काल सकाळी नऊ चाळीस."

नऊ चाळीस म्हणजे माझी पाळी.

मी म्हटलं, "मी बटणाला हात लावलेला नाही." माझा आवाज मलाच खोटा वाटला. कारण रोज त्याच सुमाराला, सकाळचं दूध घेऊन झालं की मी ओल्या फडक्यानं पॅनेल पुसायचे. लागला असेल का धक्का? मी माझ्यावरच संशय घ्यायला लागले. मग मला रजिस्टर आठवलं. मी तासातासाला तापमान लिहीत होते. नऊपासून दोनपर्यंत ते बारावरून नऊ, सहा, चार असं उतरत गेलेलं होतं. यंत्र नऊ चाळीसला बंद पडलं आणि पडदा अडकला, तर मला हे उतरते आकडे दिसले कुठून? मी रजिस्टर पुढं केलं.

साहेबानं ते चाळलं. "हातानं लिहिलेलं आहे हे. बसल्या जागी काहीही लिहिता येतं." मग हवालदारांच्या पाळीचं पान उलटलं. तिथं दुपारी तीननंतर दर तासाला चार पूर्णांक एक, चार पूर्णांक एक. "हे बघा, यांनी निदान पडद्यावर अडकलेलं दिसलं ते लिहिलं. तुमचे आकडे मात्र रोजच्यासारखे छान उतरतायत. यंत्र खोटं बोलत नाही, मॅडम."

मी हवालदारांकडं बघितलं. ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं बघत होते. खोलीत कुणी वेळ सांगितली आणि हवालदारांनी तिची उलटतपासणी केली नाही, असं पहिल्यांदाच घडलं. मला लख्ख वाटलं, बरोबर, हाच तो. सांगलीचा हेर. वहीत माझे उशीर लिहिणारा. आज याचं काम फत्ते झालं. मी मनात त्यांना ज्या शिव्या दिल्या त्या आमच्या तासगावच्या बाजारातसुद्धा जरा बाजूला जाऊन देतात.

त्या दिवसापासून तीन दिवस मी कामावर नुसती बसून होते. यंत्राला हात लावायचा नाही, असा हुकूम. दूध घालायला येणाऱ्या बायका माझ्याशी बोलायच्या, पण किटलीचं झाकण स्वतःच लावायच्या. पहारेकरी म्हणाला, "बाई, लिहून द्या नि मोकळ्या व्हा. चूक कुणाची हुत न्हाई?" घरी फोन केला नाही. काय सांगणार? हवालदार दोनला यायचे, मान खाली घालून माझ्यासमोरून जायचे. त्यांनी तीन दिवसांत मला एकदाही वेळ विचारली नाही की सांगितली नाही. वही काढली नाही. मला वाटलं, काम झालं, आता वही कशाला लागतीय.

चौथ्या दिवशी साहेब बरोबर त्याच वेळेला परत आला, पुन्हा सगळ्यांना बोलावून. केंद्रप्रमुखांच्या टेबलावर कागद टाईप करून तयार होता. माझ्याकडून निष्काळजीपणा झाला, मी तो कबूल करते, खाली सही. केंद्रप्रमुख वाईट माणूस नव्हते, ते म्हणाले, "सही केली तर नुसतं कमी करतील. नाही केली तर चौकशी लांबेल, चार ठिकाणी नाव जाईल." नाव घालवून येऊ नकोस. सही केली तर नाव जाणार, नाही केली तरी जाणार. मी पेन उचललं. टोपण काढलं.

"जरा थांबा," हवालदार म्हणाले. ते दाराशी उभे होते. "साहेब, त्यो आकडा जरा द्या मला. कागदावर करून बघतो."

साहेब हसला. केंद्रप्रमुखसुद्धा कंटाळून म्हणाले, "आवं हवालदार, आता हे काय मधीच?" पण आकडा दिला. हवालदार स्टुलावर बसले, वहीतलं त्या दिवसाचं पान काढलं, डोक्यावरचा मध्यरात्रीचा आकडा घेतला, वजाबाकी मांडली. उरले चौतीस हजार आठशे. ते एकेक आकडा दोनदा गिरवत होते. मधेच पेन्सिलीला टोक केलं. मधेच पाणी प्यायले. एरवी दोन मिनिटांचं गणित, त्या दिवशी चांगली अकरा मिनिटं चाललं. मला हसावं की रडावं कळेना. माझा गळा कापला जातोय आणि म्हातारा टोक करत बसलाय.

"छत्तीसशेनं भागलं, नऊ," ते म्हणाले. "उरले चोवीसशे. साठनं भागलं, चाळीस. नऊ चाळीस बरोबर हाय साहेब."

"मग?"

"पर हे ग्रीनिचचे. साडेपाच मिळवा."

साहेबानं लॅपटॉप पुढं ओढला. त्यानं कुठलीशी खूण बदललेली मी पाहिली. त्याचे कान लाल झाले.

"दुपारी तीन दहा," तो हळूच म्हणाला.

"तीन बारा," हवालदार म्हणाले. "पॅनेलचं घड्याळ दोन मिनिटं मागं हुतं. तेच लावाय गेलतो मी. घड्याळ लावायचं तर बटण बंदवर घ्यावं लागतंय. घेतलं. सेकंदाला सेकंद जुळवून लावलं, झाकण लावलं, आन् बटण परत फिरवायचं इसारलो. खालची नोंद बघा, घड्याळ बदलल्याची असंल."

ती होती. अगदी पुढचीच ओळ, आणि साहेबानं ती वाचायची तसदी घेतली नव्हती.

"संध्याकाळचं कोमट दूध पडलं तरी पडद्यावर चार पूर्णांक एकच," हवालदार आमच्या कुणाकडं न बघता बोलत होते. "मला दिसाय पायजे हुतं. पर घड्याळ माझ्या हातानं लावल्यालं. म्हटलं, आता ह्यो पडदा खरा बोलतोय. आख्ख्या जल्मात तेवढ्या एका दिवशी विश्वास ठेवला."

मी तो सहीचा कागद घेतला आणि फाडला. आठ तुकडे केले आणि साहेबाच्या लॅपटॉपशेजारी ठेवले. मला आजही त्याचा पश्चात्ताप नाही.

हवालदारांना त्याच आठवड्यात घरी पाठवलं. पेन्शन होती, त्यांच्या गावी आष्ट्याला थोडा ऊस होता, उपाशी मरणार नव्हते. पण केंद्रात आणि गावात लोक जे हसले ते मी ऐकलं. दुसऱ्याची घड्याळं तपासणाऱ्यानं घड्याळापायी टाकीभर दूध नासवलं. पहारेकरी तर नक्कल करून दाखवायचा, पेन्सिलीला टोक करत. मी एकदा त्याच्या अंगावर धावून गेले. मला वाटत होतं, या माणसानं माझ्यासाठी स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतलं, गणित करता करता त्याला स्वतःचं नाव दिसलं आणि तरी त्यानं उत्तर खोडलं नाही. मी त्यांना मनातल्या मनात देव्हाऱ्यात बसवलं. हेर म्हणून दिलेल्या शिव्या मोजून परत घेतल्या.

कायम झाल्याचं पत्र मिळालं, पगारवाढ झाली, वर्ष उलटलं. साताऱ्याला प्रशिक्षणाला गेले होते, येताना कंदी पेढ्यांचा डबा घेतला आणि वाट वाकडी करून आष्ट्याला उतरले. हवालदार उसाच्या कडेला बाजेवर बसले होते. वरचं बटण लावलेलं.

"यष्टी बारा मिनिटं उशिरा," म्हणाले. "बसा म्याडम."

त्यांच्या बायकोनं चहा दिला आणि ती गोठ्याकडं गेली. इकडचं तिकडचं झालं. मग मला राहवेना. संशयाचा किडा एकदा डोक्यात शिरला की तो वर्षभर झोपतो, मरत नाही. मी विचारलं, "हवालदार, एक सांगा. पहिल्या दिवशी साहेब नऊ चाळीस म्हणाला, तेव्हा तुम्ही साडेपाच मिळवा का म्हणाला नाहीत? कुणी जांभई दिली तरी म्हणायचात."

त्यांनी नजर उसाकडं वळवली.

"मिळवले हुते," म्हणाले.

"काय?"

"साहेबाचं तोंड मिटायच्या आत मिळवले हुते. तीन दहा. आन् तीन दहाला कोण हुतं, काय करत हुतं, ते मला ठावं हुतं. टोपी उडाल्यागत झालं बगा." त्यांनी मान माझ्याकडं वळवली. "नोकरीची भीती न्हवती. हसत्याल, ह्याची हुती. जल्मभर लोकांच्या चुका काढल्या. आपली काढायची पाळी आली तवा जीभ टाळूला चिकटली."

मी हातातली कपबशी खाली ठेवली.

"दोन लाख एकोणसाठ हजार आठशे साठ सेकंद," ते म्हणाले. "साहेब बोलला तवापास्नं मी बोलस्तोवर. मोजलेत मी. तेवढे सेकंद तुमी खऱ्या हुता, आन् ते जगात एकट्या मला ठावं हुतं."

मी मनात भागाकार केला, त्यांनीच शिकवलेला. तीन दिवसांचे दोन लाख एकोणसाठ हजार दोनशे. वर सहाशे साठ. अकरा मिनिटं.

"आणि ती अकरा मिनिटं?"

"उत्तर ठावं असून गणित करत बसलो तेवढी," म्हणाले. "त्यातबी वाटत हुतं, कायतरी हुईल, कुणीतरी हाक मारंल, वीज जाईल."

मला राग आला. माझी ती तीन दिवसांची न आलेली झोप, त्या बायकांचं स्वतःच लावलेलं किटलीचं झाकण, तो सहीचा कागद, सगळं एकदम वर आलं. मी त्यांना सांगितलं, "मी तुम्हाला देव मानत होते." ते म्हणाले, "ते चुकीचं लिवलं हुतं तुमी. आता दुरुस्त करा." उसातून वारा येत होता.

उठताना पिशवीत पेढ्यांचा डबा लागला. क्षणभर वाटलं, नाही द्यायचा, परत न्यायचा. मग दिला. त्यांनी सवयीनं तो उलटा केला, चष्मा कपाळावर चढवला आणि खालची तारीख वाचली.

"ही कुणी लिवली आसंल?"

"मला नाही माहीत," मी तुसडेपणानं म्हटलं. "पण मी आज सकाळी साताऱ्यात उभं राहून ताजे घेतलेत."

त्यांनी डबा हातात धरून माझ्याकडं पाहिलं. केंद्रात मी मोठ्यानं म्हटलं होतं, मी बटणाला हात लावलेला नाही, आणि त्या खोलीत एकानंही मान हलवली नव्हती. तो राग माझा गेलेला नाही, अजूनही नाही.

"तुमी म्हणताय म्हंजे खरं हाय," हवालदार म्हणाले, आणि एक पेढा तोंडात टाकला.